निशाणी डावा अंगठा

आमच्या वाचनालयात मानधनाच्या पावतीवर अंगठा लावणारा आजवर एकच माणूस आला, आणि त्याच माणसाचं अक्षर सगळ्या जिल्ह्यात नावाजलेलं होतं.

आमच्या साक्षरता वर्गावर ते शिकवायला लागले, त्या पहिल्याच महिन्याची गोष्ट. ग्रंथपाल म्हणून मी पावती पुढं सरकवली, वर पेन ठेवलं. त्यांनी पेन बाजूला केलं आणि स्टॅम्पपॅड मागितलं. मला वाटलं, वाचनालयाचा शिक्का मारायचा असेल. तर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पॅडवर नीट घोळवला, पावतीच्या वर हवेत धरला आणि माझ्याकडे बघत बसले.

"काय झालं, काका?"

"वाचून दाखवा."

"तुमच्या नाकावर चष्मा आहे."

"चष्मा माझा हाय, कागद तुमचा हाय. अंगठ्याला वाचून दाखवावं लागतं, बाईसाहेब. सहीला कोण दाखवतंय?"

बाहेर सभासद खोळंबले होते. प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून मी भराभरा वाचायला लागले आणि चौथ्या ओळीवर अडखळले. पावती घेणाऱ्याचं वाचनालयाकडे मागचं-पुढचं काहीही येणं उरलेलं नाही, असं तिथं छापलं होतं. हीच पावती मी अकरा वर्षं सगळ्यांना देत होते, दर महिन्याला स्वतःही तिच्यावर सही करत होते. माझ्या रजेच्या पगाराचं प्रकरण तेव्हा तीन वर्षं समितीपुढं पडून होतं. ते शांतपणे "हं, पुढं" म्हणाले. वाचून झालं तेव्हा त्यांनी अंगठा टेकवला, शेजारी मोत्यासारख्या अक्षरात 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं, त्याखाली 'वाचून दाखविले' असं लिहून माझी सही घेतली. एका पावतीला वीस मिनिटं गेली होती आणि मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

हे गृहस्थ अर्जनवीस होते. निजामाचं राज्य गेलं तरी आमच्याकडे हा शब्द राहिला. नोंदणी कचेरीबाहेर टेबल-खुर्ची टाकून लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं लिहून द्यायची, हा त्यांचा धंदा. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तो केला. मग संगणक आले, तयार मसुदे आले, आणि एक दिवस त्यांनी दौत-टाकाची पेटी बंद करून घरी नेली. मी त्यांना ओळखू लागले ते त्यानंतर. बायका त्यांना मुन्शीकाका म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. आता ते पुण्याला लेकाकडे असतात. फोनवर बोलत नाहीत. "फोनवर बोललेलं मागं उरत नाय," म्हणतात.

आमचं वाचनालय क्रांती चौकापासून फार लांब नाही. खाली दुकानं, वर आम्ही. मुन्शीकाका तिथं रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला यायचे आणि ते शेवटच्या पानापासून वाचायचे. त्यातही आधी जाहीर नोटिसा. कुणाचं मूळ खरेदीखत गहाळ झालंय, कोणत्या गटातली जमीन कोण विकतोय आणि कुणाची हरकत असेल तर किती दिवसांत कळवायचं, हे त्यांना पाठ असायचं. पेपरवाल्या म्हाताऱ्यांची आमच्याकडे एक पंगत बसते. त्यांच्यातला एक जण एकदा वैतागून म्हणाला, "अहो, राजकारण वाचा की जरा!" तर हे म्हणाले, "ते तुम्ही सगळे वाचताच. नोटिसा कोणीच वाचू नये, म्हणूनच तर छापतात."

कागद नेहमी खालून वर वाचावा, हा त्यांचा सिद्धांत होता. "वरती सगळेच गोड बोलतात. खरं काय ते खाली, बारीक अक्षरात." लग्नपत्रिका आली तरी ते आधी छापखान्याचं नाव वाचायचे, मग आहेराची सूचना, आणि सगळ्यात शेवटी नवरा-नवरी. माझ्याकडून कादंबरी नेली तर तीसुद्धा शेवटच्या प्रकरणापासून सुरू. मी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले, "कोण मेलं ते आधी कळलं की मग माणूस निवांत वाचतो."

शहराचं नाव बदललं त्या सुमाराला आमच्याकडे नवे शिक्के, नवी लेटरहेडं आली. तेव्हा हे सकाळी घरून चालत येताना रस्त्यातल्या सगळ्या पाट्या वाचत यायचे आणि कोणत्या दुकानावर जुनं नाव आहे, कोणत्यावर नवं, आणि कोणत्या दुकानदारानं शहाणपणा करून नुसतंच 'आपल्या शहरात' लिहिलंय, ते मला येऊन सांगायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं असायची. एक चालू, एक कोरडं. बँकेत, पोस्टात कुणी घाईनं "काका, सहीपुरतं पेन द्या" म्हणून हात पुढं केला की हे कोरडं पेन द्यायचे. तो माणूस झटकतो, फुंकर मारतो, कागदावर गिरगटतो. तेवढ्या वेळात त्याची नजर कागदावर पडतेच, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक चिडायचे. मी असते तर मीही चिडले असते.

अशा माणसाला मी वर्गावर शिकवायला का घेतलं, हे मला समितीच्या बैठकीत दोनदा विचारलं गेलं होतं. तर ते असं झालं. आमचं वाचनालय सरकारी प्रतवारीत ब वर्गातलं. शासनाचं अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं; येतं तेव्हा येतं, आणि पगार आणि वर्तमानपत्रांच्या बिलांत जिरून जातं. नवीन काही करायचं म्हटलं की समितीचे अध्यक्ष खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यात मुंबईच्या एका न्यासानं सार्वजनिक वाचनालयांना वाचन आणि साक्षरतेच्या कामासाठी अनुदान द्यायचं ठरवलं. मी तीन दिवस बसून तो लांबलचक अर्ज भरला. पंचवीस बायका, दुपारी दोन ते चार, एक वर्ष. काम समाधानकारक वाटलं तर आणखी दोन वर्षं. आणि काय सांगू, मंजूर झाला! नोकरीच्या इतक्या वर्षांत मी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मिळाल्यावर मी घरी जाऊन आईला पेढा भरवला.

अध्यक्षांनी मात्र तेव्हाच बजावलं होतं. दुपारच्या हॉलवर त्यांचा डोळा होता. स्पर्धा परीक्षेची मुलं बसायला जागा शोधत फिरत असतात, महिन्याची फी देतात. "एक वर्ष घ्या हॉल," ते म्हणाले. "पुढचं अनुदान आलं तर वर्ग. नाय आलं तर अभ्यासिका. मग माझ्याकडं रडत यायचं नाय." मी हो म्हणाले.

आणि मग शिकवायला माणूस मिळेना. दुपारी दोनची वेळ, मानधन जेमतेम. पेपरच्या पंगतीतून मुन्शीकाका उठून आले आणि म्हणाले, "मी शिकवतो. पण माझ्या पद्धतीनं."

त्यांच्या पद्धतीत अ-अननसाचा नव्हता. "घरातला जो कागद बघून भीती वाटती तो आणा," त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. बायकांनी लाईट बिलं आणली, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेच्या सूचना, बचत गटाचे फॉर्म. शमीमआपांनी तर मीटर बंद करायची नोटीस आणली, ती दोन वर्षं जुनी होती आणि त्या अजून घाबरत होत्या. त्या कागदांतलीच अक्षरं घेऊन काका शिकवायचे. 'थकबाकी'तला थ, 'मुदत'मधला द.

कौसाबाई पहिल्यापासून पुढच्या ओळीत. माहेर बिडकीनचं, इथं मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज असा की खालच्या दुकानदाराला कळायचं वर्ग भरला म्हणून. तिला एकच गोष्ट शिकायची होती: नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. चार महिन्यांनी ती पट्टी हातात धरून मुदतीचे आकडे जुळवत होती. मध्येच किंचाळली, "अगं बाई! ही तर दिवाळीलाच संपली व्हती! मी त्यास्नी मेलेली गोळी चारतेय!" सगळा वर्ग हसला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुन्शीकाका म्हणाले, "आता पट्टीच्या मागची बाजू." त्यांना रडणं दिसायचं नाही असं नाही, पण कागद अर्धा सोडायचा नाही.

सगळं छान चाललं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. ते बायकांना सही शिकवत नव्हते.

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण साक्षरतेच्या कामात पहिल्या आठवड्यात सहीच शिकवतात, सगळीकडे. नाव गिरवून घ्यायचं, बाई आपलं नाव काढायला लागली की फोटो काढायचा. न्यासाच्या अहवालातही तोच रकाना होता: सही करू शकणाऱ्या लाभार्थींची संख्या. सहामाही अहवालात मी तिथं शून्य लिहिलं. आठ दिवसांत मुंबईहून फोन. सहा महिन्यांत एकही नाही, म्हणजे वर्ग खरंच भरतो ना? मी त्या रकान्याकडे बघत बसले आणि मला हॉलमध्ये अभ्यासिकेचे लाकडी फळ्यांचे कप्पे दिसायला लागले.

मी मुन्शीकाकांना गाठलं. "दोन दिवसांचं काम आहे, काका. रांगोळी गिरवतात तसं गिरवून घ्या."

"म्हणून तर नाय. सही म्हणजे चित्र. चित्र काढता आलं म्हणून कागद कळला व्हय?"

"अहो, पण पुढचं अनुदान या रकान्यावर आहे!"

"बाईसाहेब, अंगठ्याला कायदा जपतो. सही केली की कायदा म्हणतो, शहाणा व्हता, वाचून केली. शिकले नसले तरी बेहत्तर, पण अर्धवट शिकून यांचा बचाव जायला नको."

गंमत म्हणजे बायकाही माझ्याच बाजूच्या होत्या. कौसाबाई तर गयावया करायची. "काका, बँकेत अंगठा लावायची लई लाज वाटती हो. तो पोऱ्या पॅड असा सरकवतो, जसं काय माझा हात खरकटाय."

"लाज त्याला वाटली पाहिजे. त्यानं वाचून दाखवलं का?"

"नाय."

"मग?" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "ज्या दिवशी तुम्ही एखादा कागद वाचून 'नाय' म्हणाल, त्या दिवशी सही शिकवतो. एका दुपारीत शिकवतो. तवर नाय."

मी दुसरा माणूस बघायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. दोघांशी बोलूनही ठेवलं होतं. पण त्याआधी न्यासाकडून भेटीचं पत्र आलं.

वर्षाअखेरच्या त्या भेटीवर पुढची दोन वर्षं ठरणार होती. मी हॉल झाडून घेतला, बायकांना नीट साड्या नेसून या म्हणून सांगितलं, आणि हजेरीचा जो छापील तक्ता ई-मेलनं आला होता त्याची प्रत काढून ठेवली. त्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती. वाचन-साहित्याचा संच प्रत्येकीला मिळाला, अशी. पाटी, वही, मोठ्या अक्षरांची चार पुस्तकं, पिशवी. तो संच आलेला नव्हता. न्यासाच्या कचेरीतून मला फोनवर सांगितलं गेलं होतं, की पुरवठादाराकडून उशीर होतोय, पुढच्या महिन्यात येईलच, तेवढ्या सह्या घेऊन ठेवा. मी बरं म्हणाले. हे मी कबूलच करते. आमच्याकडे असं चालतं. खुर्च्या यायच्या आधी खुर्च्या मिळाल्याची पोच जाते. मी ती ओळ पाहिली होती आणि पाहिली नव्हती.

मुंबईहून आलेली समन्वयक तिशीची होती, बोलायला गोड. चोवीस बायका हजर होत्या. तिनं त्यांचं कौतुक केलं, तक्ता पहिल्या ओळीत दिला आणि म्हणाली, "आपापल्या नावापुढं सही करा. जमत नसेल तर अंगठा चालेल."

तक्ता कौसाबाईकडे गेला आणि तिथंच थांबला. शेजारच्या दोघी तिच्या खांद्यावरून वाकल्या. मागच्या उठून पुढं आल्या. बघता बघता एका कागदाभोवती चोवीस डोकी, आणि हॉलमध्ये नुसती कुजबुज, शाळेत पाढे पुटपुटतात तशी. मिनिट गेलं, दोन गेली. समन्वयक माझ्या कानाशी म्हणाली, "आपलं नाव शोधतायत का?" त्या नाव शोधत नव्हत्या; कौसाबाईचं बोट कागदाच्या तळाशी होतं. मुन्शीकाका मागं खिडकीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"मॅडम," कौसाबाई म्हणाली, "हितं लिवलंय, संच मिळाला. कंचा संच?"

समन्वयकेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "येणार आहे. पुढच्या महिन्यात."

"मग पुढच्या महिन्यात घ्या की निशाणी."

शमीमआपा मागून म्हणाल्या, "मिल्याच नै, तो मिल्या कैसा लिखते?"

बायका हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच गंमत वाटत होती. समन्वयकेनं तक्ता हातात घेतला आणि वाचायला लागली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तीही तो पहिल्यांदाच वाचतेय. तिनं हा कागद किती गावांना नेला असेल कोण जाणे. ती कानशिलांपर्यंत लाल झाली. मग हळूच म्हणाली, "आत्ता घेऊन टाकू. त्या ओळीचं मी बघते."

"नाय," कौसाबाई म्हणाली. रागानं नाही. भाजीवाल्याला म्हणावं तसं.

मला आजही नीट सांगता येत नाही की मी उठले कशी. उठल्यावर समजलं की उठले. मी तक्ता घेतला, ती ओळ पेनानं खोडली, शेजारी 'संच मिळालेला नाही' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली, हुद्द्यासकट. मग बायकांनी परत वाचला, आणि एकेकीनं येऊन अंगठा लावला. चोवीस नावं, चोवीस अंगठे. वर्षभर चाललेल्या साक्षरता वर्गाचा तो पुरावा! ज्या बायकांनी माझ्यादेखत सरकारी थाटाचा कागद वाचून मोडीत काढला, त्या कागदावर सगळ्या निरक्षर ठरल्या होत्या.

जिना उतरताना समन्वयक थांबली. "आज मी जे बघितलं ना," ती म्हणाली, "ते लिहायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही." बिचारी मनापासून म्हणाली. पण मनापासून म्हटलेलं मुंबईपर्यंत पोचतं थोडंच.

ती गेल्यावर मी मुन्शीकाकांवर अक्षरशः तुटून पडले. वर्षभराचं सगळं बाहेर आलं. दोन दिवस! दोन दिवस दिले असते तर त्याच कागदावर चोवीस सह्या असत्या, ओळ खोडलेली असती तरी सह्या असत्या, आणि मला काहीतरी बोलायला तोंड असतं. तुमच्या हट्टापायी हॉल गेला. ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "खाली चला. चहा घेऊ."

टपरीच्या बाकड्यावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं असं मला वाटतं. त्यांची धाकटी बहीण पिशोरला दिलेली. वडील वारल्यावर जमीन तिघा भावांच्या नावावर करायची होती. तशी आमच्याकडे रीतच आहे, बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, साडीचोळी घेऊन परत जायचं. दस्त कोण लिहिणार? घरचाच अर्जनवीस.

"माझ्याच टेबलावर लिवला. राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय, सगळं बराबर. आणि ऐका, तिला वाचता येत व्हतं. चौथी शिकलेली. मीच शिकवलेलं, चुलीपुढं बसून. ती आली, पेन घेतलं, खाली सही केली. दोन चहा सांगितले तिनं, माझ्यासाठी पण."

पुढं तिचा नवरा गेला. दोन लेकरं घेऊन ती दुसऱ्याच्या रानात निंदायला जाऊ लागली. तेव्हा हे पिशोरला गेले होते. त्यांना तिची क्षमा मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच. ते तिलाच म्हणाले, "तुला वाचता येत व्हतं की. मग वाचलं का नाय?"

"काय म्हणाल्या?"

मुन्शीकाकांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "म्हणाली, 'दादा, तू लिवलेलं कशाला वाचायचं?'"

मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तसं नातं नव्हतं. मी चहाचे पैसे दिले. पिशोरच्या त्या भेटीपासून त्यांनी कधी कुठं सही केली नाही, एवढं मला कळलं. माझा राग गेला का? सगळा नाही गेला. हॉल जाणारच होता. पण ज्या दोघांशी बोलून ठेवलं होतं, त्यांना मी रात्री फोन करून नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी दिलेला शब्द पाळला. एका दुपारात चोवीस जणींना सही शिकवली. ज्यांना अक्षरं येतात त्यांना सही शिकवायला लागतंच किती! कौसाबाईनं वहीची तीन पानं सह्यांनी भरली आणि शेवटची सही जरा झोकदार झाली म्हणून ती घरी दाखवायला पान फाडून घेऊन गेली.

महिन्याभरानं न्यासाचं पत्र आलं. पुढच्या टप्प्यासाठी आमचा विचार झाला नव्हता. अध्यक्षांनी आठवड्याच्या आत सुतार बोलावला. त्यांच्याकडं रडत जायचं नाही, असं ठरलंच होतं. वर्ग मागच्या जिन्याच्या गच्चीवजा जागेत गेला. तिथं आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवतो. पंखा नाही, उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर. चोविसांच्या अकरा झाल्या. मुन्शीकाकांनी मानधन विचारलं नाही आणि मीही ते कुठून आणणार होते.

तिथं एका दुपारी कौसाबाई म्हणाली, "मॅडम, ते पत्र आणा की. आमच्याबद्दलचं हाय, अन् आम्हीच नाय वाचलं."

मी टाळत होते. पत्र आणलं. अकरा जणींनी ते आळीपाळीनं वाचलं, खालून वर. 'शुभेच्छांसह'पासून. आपल्या कार्याचा आदर आहे, आपला सहभाग मोलाचा होता, खेद वाटतो. एकेक जड शब्द आला की थांबायच्या, एकमेकींना विचारायच्या, पुढं जायच्या. वरच्या तारखेपर्यंत पोचल्या. मग कौसाबाईनं पत्र उलटं करून मागची कोरी बाजू बघितली.

"लई गोड लिवलंय," ती म्हणाली. "पण का नाय, ते कुठंय?"

मी पत्र हातात घेतलं. मी ते दहा वेळा वाचलं होतं, वाचून रडलेही होते. कारण कुठंच दिलेलं नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"इचारू की मग," शमीमआपा म्हणाल्या.

मुन्शीकाकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मांडी घालून ते ताठ बसले, कागद मागितला, त्याला डावीकडं दोन बोटं समास दुमडला, चालू पेन काढून टोपण उघडलं. बऱ्याच वर्षांनी मोठा कागद लिहायला मिळाल्यासारखी त्यांनी बाही वर सारली. "बोला," ते म्हणाले. "असा अर्ज लिहितो की उत्तर द्यावंच लागंल."

"नगं, काका," कौसाबाई म्हणाली.

"का?"

"तुम्ही लिवलं तर मी वाचायची नाय. तुमच्यावर भरवसा हाय ना माझा. तशीच सही ठोकून मोकळी व्हईन."

ती सहज बोलली होती. पिशोरचं तिला काही ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि त्यांना. मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. जिन्यावरून कुणीतरी वर-खाली गेलं, हॉलमधल्या मुलानं खुर्ची सरकवली. मग मुन्शीकाकांनी तो समास पाडलेला कागद गुडघ्यावरून उचलला आणि तिच्यापुढं ठेवला, वर पेन ठेवलं, आणि ते उठून गठ्ठ्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बायकांना वाटलं, धुळीनं ठसका लागला. एकीनं पाणी दिलं.

कौसाबाईला लिहायला पाऊण तास लागला. दोन ठिकाणी तिनं वेलांटी चुकवली, एका ठिकाणी शब्द खोडून परत तोच लिहिला. अकरा जणींनी ते वाचलं, एकीनं 'साहेब' ऐवजी 'मॅडम' करायला लावलं, आणि मग सगळ्यांनी खाली सह्या केल्या. पाकिटावर पत्ता मी घातला, पोस्टात मीच टाकलं. आतला मजकूर एवढाच होता:

'मॅडम, वर्गाचं अनुदान का बंद केलं ते पत्रात नाही. ते लिहून पाठवा. आम्हाला वाचता येतं.'